पुतणी क्षयाच्या जंतूवर संशोधन करते, पण "औषध नाही शोधत" म्हणते. मग नक्की काय करते?

धरमपेठकर · रविवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. माझी पुतणी परदेशात पीएचडी करते. विषय जन्मजात प्रतिकारशक्ती आणि क्षयाचा जंतू. पोळ्याला घरी आली होती. जेवताना आमच्या आत्याबाईंनी विचारलं, "मग बाई, टीबीचं औषध कधी काढतेस?" ती म्हणाली, "आजी, मी औषध नाही शोधत. जंतू पेशीत शिरला की पेशीला ते कसं कळतं, आणि कळूनही तो मरत का नाही, एवढंच बघते." आत्याबाईंनी तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि विषय संपवला.

मी बँकेत नोकरी केलेला माणूस, मला विज्ञानातलं फार कळत नाही. पण डोक्यात बसलंय. ही जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणजे कोविडात आपण काढे पिऊन वाढवत होतो तीच का? आणि पेशीला काय कळतं हे शोधायला चार-पाच वर्षं आणि एवढा पैसा लागावा? टोमणा नाही, खरंच विचारतोय. जाणकारांनी सांगावं.

तर्रीपोहे · ९.२२

सावजीचा रस्सा पोटात गेल्यावरही जो जंतू जिवंत राहतो त्याच्यावर पीएचडी झालीच पाहिजे.

सीताबर्डी_एक्सप्रेस · ९.३०

परवाच तर मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत नागपूरचा सगळा महाल ओरडला, "रोगराई घेऊन जाय वो मारबत". तिलाच गाईड करा, फी पण नाही.

मीनल_सूक्ष्म · १०.४८

धरमपेठकर काका, मी बीएस्सीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, जमेल तसं सांगते.

शरीराचं संरक्षण दोन तऱ्हांचं. लस घेतल्यावर तयार होते ती शिकलेली प्रतिकारशक्ती. ती नेमकी असते, लक्षात ठेवते, पण नवा जंतू आला तर तिला उभं राहायला आठवडाभर तरी लागतो. तोवर किल्ला लढवते ती जन्मजात. ती काही मिनिटांत कामाला लागते. त्वचा, श्लेष्म, ताप, सूज आणि जंतूंना गिळणाऱ्या पेशी हे सगळं तिच्यात येतं.

गिळणाऱ्या पेशींचा शोध मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने लावला. १८८२, सिसिलीतलं मेसिना. घरच्या बागेतल्या एका छोट्या संत्र्याच्या (टँजरीन म्हणतात ती जात) झाडाला मुलांसाठी नाताळ म्हणून सजवलं होतं. त्याच बागेतून यांनी गुलाबाचे काटे तोडले आणि तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांना टोचले. सकाळी पाहिलं तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या. १९०८ चं नोबेल त्यांना आणि पॉल एर्लिश यांना मिळून मिळालं.

आता तुमच्या पुतणीचा जंतू. फुप्फुसात गेला की मॅक्रोफेज नावाची पेशी त्याला गिळते. गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो. मग त्या पिशवीला लायसोसोम, म्हणजे पेशीतल्या पाचक द्रव्यांच्या थैल्या, येऊन जुळतात, आत आम्ल आणि पाचक द्रव्यं ओतली जातात, जंतूचा निकाल लागतो. क्षयाचा जंतू हे जुळणंच अडवतो. १९७१ मध्ये लंडनच्या आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं. म्हणजे ज्या पेशीने मारायचं तिच्यातच तो बिऱ्हाड करतो.

जगातल्या अंदाजे चौथाई लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे, पण आयुष्यभरात त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आजार होतो. उरलेले ९० टक्के काय करतात, ते ती शोधते.

तर्रीपोहे · १०.५५

उरलेले ९० टक्के गोकुळपेठेत चहा पितात.

काटोलची_संत्री · ११.२०

मीनल ताई, भारी सांगितलं. पण मले एक सांगा. आमच्या बागेत डिंक्या येते. बुडाशी साल फाटते, डिंक वाहते, झाड वाळते. एकाच ओळीत दोन झाडं, एकाले होते अन् शेजारच्याले नाई. झाडाले काही रक्त नाई, गिळणाऱ्या पेशी नाई. मंग त्याचं कसं काय?

आमच्या बुढ्याच्या वेळची जंभेरीवरची कलमं पटापट गेली. रंगपूर लाईमवर बांधलेली टिकून हायेत.

मीनल_सूक्ष्म · सोमवार, सकाळी ७.०५

काटोलवाले दादा, हा प्रश्न मोठा आहे. झाडांना शिकलेली प्रतिकारशक्ती नसतेच. त्यांची सगळी भिस्त जन्मजातवर. प्रत्येक पेशी आपापलं बघते. डिंक्या फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जंतूमुळे होतो आणि जंभेरीची मुळं त्याला जास्त बळी पडतात, हे तुमच्या अनुभवाशी जुळतं.

या विषयाचं एक मूळ तर आपल्या विदर्भातल्या पिकात आहे. जवस! हॅरॉल्ड फ्लोर नावाचा अमेरिकन माणूस नॉर्थ डाकोटात जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करत होता. १९४० च्या दशकात त्याने दाखवलं की जवसाच्या एका जनुकासमोर तांबेऱ्याचं एक जनुक उभं असतं. दोघांची जोडी जुळली तर झाड शत्रूला ओळखतं आणि वाचतं. बुरशीने आपलं जनुक बदललं की ओळख चुकते, झाड जातं. यजमान आणि रोगजंतू यांचा जोडीने अभ्यास करायचा, ही रीत तिथून रुजली.

काटोलची_संत्री · ७.४०

आमी जवसाची चटणी खात राहिलो अन् तिकडं त्याच्यावर शास्त्र झालं.

मिहान_इंजिनीअर · ९.१०

काकांचा दुसरा प्रश्न कुणी घेतलाच नाही. मी स्पष्ट बोलतो. तांबेरा, तारामासे, पेशीच्या पिशव्या, सगळं छान. पण आपल्याकडे पेशंट जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. माझ्या टॅक्सचा पैसा आधी खाटांना जावा, मग माशांना.

फुटाळा_फेरी · ९.१८

काकांची पुतणी परदेशात आहे. तुमच्या टॅक्सला अजून हात लागलेला नाही.

मीनल_सूक्ष्म · दुपारी १.३०

मिहान, माशांचं म्हणालात ते बरं झालं. खऱ्या माशीचीच गोष्ट सांगते, केळ्यावर घोंघावते ती फळमाशी. जर्मनीत तिच्या अळीची पाठ-पोट कसं ठरतं हे बघताना टोल नावाचं जनुक सापडलं. त्याचा रोगाशी काही संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. १९९६ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो लमेत्र यांनी पाहिलं की टोल बिघडलेल्या माश्यांना बुरशी लागली की त्या मरतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मेड्झिटॉव्ह आणि जेनवे यांना माणसातलं टोल मिळालं. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी उंदरात सिद्ध केलं की टीएलआर-४ हे टोलसारखंच रिसेप्टर (पेशीवरचा ओळखणारा पहारेकरी म्हणा) अनेक बॅक्टेरियांच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष ओळखतं. रक्तात जंतुदोष पसरून ब्लडप्रेशर कोसळतं तेव्हा घंटा वाजते ती इथे.

२०११ चं नोबेल बॉयटलर, हॉफमन आणि राल्फ स्टाइनमन यांना. स्टाइनमन घोषणेच्या तीनच दिवस आधी वारले होते, समितीला ते माहीत नव्हतं, पुरस्कार कायम ठेवला. जंतूंची ठराविक रचना ओळखणारे रिसेप्टर असलेच पाहिजेत, असं चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्येच मांडलं होतं. ते २००३ मध्ये गेले, त्यांना नोबेल नाही. मला हे अजून खटकतं.

साकोलीकर · १.५२

आमच्या भंडारा-गोंदियात धानावर कडा करपा येतो, पानं काठापासून वाळत जातात. त्याला टिकणाऱ्या सुधारित सांबा मसुरीत एक्सए-२१ जनुक आहे असं कृषीवाल्यांनी सांगितलं होतं. तेही याच्यातलंच का?

मीनल_सूक्ष्म · २.१०

होय! एक्सए-२१ जंगली भातातून आलं आणि १९९५ मध्ये वेगळं काढलं गेलं, माशीच्या टोलच्या एक वर्ष आधी. त्याचा पेशीबाहेरचा भाग टोलच्या बाहेरच्या भागासारखाच घडलेला आहे. माशी, भात आणि माणूस तिघांकडे एकाच धाटणीची ओळखयंत्रणा. हैदराबादच्या संस्थांनी हे जनुक आणखी दोन जनुकांसोबत सांबा मसुरीत आणलं, वाण २००८ मध्ये प्रसारित झालं. मिहान, तुमच्या टॅक्सचा हिशोब साकोलीच्या बांधीत बघा.

मिहान_इंजिनीअर · २.४०

भात मान्य. खाटांचा मुद्दा अजून उभाच आहे.

गुळवेल_घरची · ४.०५

एवढं सगळं वाचलं, पण काढ्याबद्दल कुणी बोलेना. आमच्या घरी दोन्ही लाटांत रोज गुळवेल, तुळस, सुंठ, मिरे. एकालाही काही झालं नाही. पूर्वजांनी हीच जन्मजात शक्ती वाढवायला सांगितलं होतं, आता गोरे लोक तेच नव्याने शोधताहेत.

फुटाळा_फेरी · ४.११

आमच्या घरी एकानेही काढा घेतला नाही, आम्हालाही काही झालं नाही. आता कुणाचे पूर्वज?

निवृत्त_एमडी · रात्री ८.३५

मी बरीच वर्षं मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात काम केलं. "वाढवा" हा शब्द ऐकला की मला धडकीच भरते.

कोविडात बरेच रुग्ण दगावले ते विषाणूपेक्षा त्यांच्या स्वतःच्या सुजेमुळे. म्हणून तर प्रतिकारशक्ती दाबणारं डेक्सामेथासोन कामी आलं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचे निकाल आले, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा नव्हता. औषध तेच, वेळ वेगळी. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात आपण उलटी बाजू पाहिली. स्टेरॉइड बेसुमार, साखर बेताल, आणि वॉर्डात म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, रांगा. रक्तातली साखर फार चढली की गिळणाऱ्या पेशी सुस्तावतात, रक्तात आम्ल वाढलं की लोह मोकळं होतं, आणि त्या बुरशीला नेमकं लोहच हवं असतं. ज्यांचे डोळे काढावे लागले ते चेहरे मला आजही आठवतात. त्यांची प्रतिकारशक्ती कमी होती की जास्त, ते तुम्हीच सांगा. आधी जास्त भडकली, मग आपण नको तितकी दाबली.

गुळवेलबद्दल: २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. इजेची तऱ्हा अशी, की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उठते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. माझा सल्ला एवढाच, ज्यांना थायरॉइड किंवा तत्सम स्वयंप्रतिकाराचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये.

गुळवेल_घरची · ८.५८

डॉक्टरसाहेब, मग क्षयाच्या बीसीजी लसीचं काय? मी वाचलंय की त्या लसीने जन्मजात शक्तीला म्हणे प्रशिक्षण मिळतं. लसीने दिलं तर ते विज्ञान, वेलीने दिलं तर अंधश्रद्धा, असं कसं?

मीनल_सूक्ष्म · ९.४०

प्रश्न चोख आहे. नेदरलँड्समधल्या मिहाई नेटेआ यांच्या गटाने दाखवलं की बीसीजीनंतर रक्तातल्या मोनोसाइट पेशी दुसऱ्याच जंतूंनाही जोरात उत्तर देतात आणि हा परिणाम काही महिने टिकतो. जन्मजात यंत्रणेला आठवणच नसते, ही समजूत तिथे मोडली. पण पुढचं ऐका. त्यावरून कोविडात बीसीजी द्यायची कल्पना निघाली, हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांवर मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला, आणि कोविडचा धोका काही कमी झाला नव्हता. पेशीत बदल दिसणं वेगळं, माणूस आजारी न पडणं वेगळं. बीसीजीला जी परीक्षा लावली तीच गुळवेलीला लावा, पास झाली तर मी पहिल्या दिवशी प्यायला येते.

गुळवेल_घरची · ९.४६

या. कडू असते, सांगून ठेवते.

जरीपटका_लेक · १०.१५

"प्रतिकारशक्ती चांगली" आणि "कमी" या बोलण्यावरून माझं थोडं लिहिते. मी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, वाहक आहे, एएस. धाकट्या भावाला आजार आहे, एसएस. आमच्याकडे विदर्भात हे घरोघरी माहीत आहे, पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना मात्र पहिल्यापासून समजवावं लागतं.

माझ्या रक्तातलं जे जनुक मलेरियापासून वाचवतं असं पुस्तकात लिहिलंय, तेच दोन्हीकडून आलं म्हणून भाऊ रात्र रात्र हाडं दुखतात म्हणून रडायचा. लहानपणी त्याला रोज पेनिसिलिनची गोळी असायची. ताप आला की आई काम टाकून धावायची. आम्ही दोघं एका ताटात जेवलो, एकाच खोलीत झोपलो. आता सांगा, आमच्यात कुणाची शक्ती जास्त?

निवृत्त_एमडी · १०.५०

लेकी, बरोबर लिहिलंस. त्या गोळीमागचं कारण याच धाग्यातलं आहे. प्लीहेत, म्हणजे पानथरीत, मॅक्रोफेज रक्त गाळत असतात. न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकोकस, त्याच्या अंगावर साखरेचं जाड आवरण असतं, त्यामुळे तो इतर ठिकाणी निसटतो, प्लीहेत पकडला जातो. सिकलसेलच्या मुलांत वाकड्या पेशींनी प्लीहेच्या रक्तवाहिन्या बंद पडत जातात आणि ती निकामी होते. म्हणून निदान पाच वर्षांचं होईपर्यंत पेनिसिलिन, आणि न्यूमोकोकसची लस.

मलेरियाचा संबंध अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवला. १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांवर लेख आला, तोही आपल्या भागातल्या डॉक्टरांचा. २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. लग्नाआधी दोघांनीही तपासून घ्या, ही विनंती धाग्यातल्या सगळ्या तरुणांना.

हिंगणा_रोड · मंगळवार, सकाळी ६.५०

डॉक्टर, माझ्या मामांचं विचारू का? ते गावी असतात. पावसाळ्यात रानात गवत कापायला जात होते. आठवडाभर ताप, डोकं फुटेल असं दुखणं. जवळच्या एका दवाखान्यात इंजेक्शनांवर इंजेक्शनं, उतार नाही. शेवटी दुसरीकडे एका तरुण डॉक्टरणीने शर्ट काढायला लावला, काखेत काळी खपली दिसली. म्हणाली स्क्रब टायफस. साध्या गोळीने दोन दिवसांत ताप गेला. आधीच्या एवढ्या इंजेक्शनांनी का गेला नाही?

निवृत्त_एमडी · ७.३०

ती डॉक्टरीण शाबासकीला पात्र आहे. २०१८ मध्ये नागपूर आणि आजूबाजूला या आजाराने बरेच बळी घेतले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. गवतातल्या अगदी बारीक किड्याची अळी चावते, तिथे खपली धरते. दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. काख, जांघ, कमरेची नाडी बांधतो ती जागा बघावी लागते.

जंतूचं नाव ओरिएन्शिया. पेशीने गिळलं की पिशवीतून फटकन बाहेर पडतो, आणि पेशीच्याच आतल्या मार्गांवरून केंद्रकाजवळ सरकतो. मीनलताईंनी सांगितलेलं ते एंडोटॉक्सिन याच्याकडे नाही, त्यामुळे ती घंटा वाजतच नाही. पेनिसिलिनच्या जातीची औषधं याच्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन पेशीच्या आत पोचतं आणि काम करतं, आणि स्वस्त आहे. पोळा ते दिवाळी, ताप आणि रानातलं काम असं दोन्ही असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

मिहान_इंजिनीअर · ८.१५

म्हणजे क्षयाचा जंतू पिशवीत राहतो आणि हा पिशवी फोडून बाहेर पडतो?

मीनल_सूक्ष्म · ८.२२

क्षयाचा जंतूही नंतर पिशवीला भोकं पाडतो. त्यासाठी लागणारी ईएसएक्स-१ नावाची यंत्रणा बीसीजीच्या जंतूत नाही, तिच्या जनुकांचा तुकडा लस तयार होताना गळाला. बीसीजी सौम्य आहे ती बऱ्याच अंशी त्यामुळे. तुम्हाला गोडी लागायला लागली वाटतं.

मिहान_इंजिनीअर · ८.२५

खाटा.

धरमपेठकर · रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. काल पुतणीशी व्हिडिओ कॉलवर बोललो, हा धागाही वाचायला दिला. तिचं म्हणणं थोडक्यात लिहितो.

ती मॅक्रोफेज पेशी भांड्यात वाढवते, त्यातली जनुकं क्रिस्पर नावाच्या जनुक कापायच्या तंत्राने एकेक बंद करते आणि मग क्षयाचे जिवंत जंतू सोडते. कुठलं जनुक बंद केल्यावर जंतू वाढेनासा होतो ते बघायचं. तसं जनुक मिळालं म्हणजे जंतू पेशीचं काय वापरून जगतो ते कळलं. मग औषध जंतूवर न रोखता पेशीच्या त्या जागेवर रोखता येईल. जंतू औषधांना सरावतो, पेशीला सरावायचं कारण नाही, असा विचार. एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या, टीबीसाठी याकडे आशेने बघतात म्हणे. प्रयोगशाळेत दोन दारांची खोली, बंद गाऊन, मास्क, हवा आतच ओढली जाते, बाहेर जात नाही.

वेळ का लागतो तेही कळलं. पोटातला ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला जवळपास अख्खा दिवस लागतो. ताटलीत वसाहती दिसायला तीन-चार आठवडे. एक चूक झाली की महिना गेला. तिचा जास्त वेळ वाट बघण्यातच जातो, असं हसत सांगत होती.

जरीपटका लेकीचं पोस्ट तिने दोनदा वाचलं. आणि मिहान साहेब, तिने तुम्हाला निरोप दिलाय: खाटांचा मुद्दा बरोबर आहे, सोडू नका.

मिहान_इंजिनीअर · ९.३६

पोरगी हुशार आहे.

मीनल_सूक्ष्म · ९.४४

काका, डिसेंबरात ती येणार असेल तर आमच्या कॉलेजात तासभर बोलेल का? मुलं शेवटच्या वर्षाची आहेत. मराठीत बोलली तर फार बरं, प्रश्न तरी विचारतील.

धरमपेठकर · ९.५०

विचारतो. सुट्टी मिळाली तर नक्की. जंतूंनी सोडलं पाहिजे.

काटोलची_संत्री · १०.०५

ताई, माह्या डिंक्याचं राहूनच गेलं. बोर्डो पेस्टचं प्रमाण काय धरू? अन् पोट्टीले म्हणा डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री हाती येतात, बागेत या.

साकोलीकर · १०.१२

मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवा, प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडाच्या नको. मिसळल्यावर लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी पडला. सड खरवडून बुडापासून तीन फुटांपर्यंत लावा, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

काटोलची_संत्री · १०.२०

लिहून घेतलं. खिळ्याचं मले कोनी सांगितलं नव्हतं.